न उघडलेला कॉक : सोलापुरातल्या एका फियाट डिलाइटचं प्रकरण

गेल्या चैत्रातल्या एका मंगळवारी दुपारी गाडीचे मालक आप्पा यांचा फोन आला. तुळजापूरच्या वाटेवर तामलवाडी मागे टाकली, घाट अजून लागायचा होता, आणि गाडी उकळली होती. रेडिएटरच्या झाकणातून वाफ, डॅशबोर्डखाली मागाहून बसवलेल्या मीटरचा काटा पार लाल पट्ट्यात, आणि चढावर ॲक्सिलरेटर दिला की बॉनेटखालून खडखड. "देवीचं दर्शन राहिलं रे बाळा, गाडी दोरी लावून आणतोय," एवढंच ते बोलले. आवाज थकलेला होता. दोन उन्हाळ्यांत ही पाचवी वेळ होती.

गाडी १९६६ सालची फियाट ११०० डिलाइट. आप्पांच्या वडिलांनी घेतलेली, तेव्हापासून घर बदललं, धंदा बदलला, गाडी तीच. आप्पा ती दाखवताना हमखास सांगतात, "आपल्या सोलापूरच्या माणसाच्या कारखान्यातली गाडी आहे." ते खरंच आहे. वालचंद हिराचंद यांचा जन्म सोलापूरचा, १८८२ सालचा. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे हीच गाडी बाहेर पडली. शेठजी १९५३ मध्ये गेले, डिलाइट १९६४ मध्ये आली, म्हणजे ही गाडी काही त्यांनी पाहिली नाही. पण आप्पांच्या हिशेबात ती घरचीच.

माझं अक्कलकोट रोडला छोटं वर्कशॉप आहे, बोरिंगचं (झिजलेले सिलिंडर कापून मोठे करणं) आणि हेड प्लेनिंगचं (सिलिंडरांवरचं झाकण, म्हणजे हेड, घासून सपाट करणं). रोजचं काम ट्रॅक्टर, टेम्पो आणि शेतातल्या डिझेल पंपांचं. जुन्या मोटारी वर्षाला चार-पाच येतात, आणि आल्या की मी त्या मन लावून करतो. या प्रकरणात मी एकटा नव्हतो. विजापूर वेशीजवळ चाळीस वर्षं फियाट बांधलेले एक चाचा आता घरीच असतात, त्यांना मी रिक्षाने घेऊन आलो. माझ्या वडिलांच्या वेळचा माणूस. जे पुढे लिहितोय त्यातला कळीचा प्रश्न त्यांनी विचारला होता.

आधी काय काय झालं होतं

आप्पांनी सगळी बिलं प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती. हा फार चांगला गुण आहे. जुन्या इंजिनाचा अर्धा आजार त्याच्या मागच्या उपचारांत दडलेला असतो, आणि बिलं म्हणजे त्याची केस फाइल. दोन वर्षांत दुसऱ्या एका गॅरेजने रेडिएटरची जाळी नवी बसवली होती, वॉटर पंप बदलला होता, थर्मोस्टॅट काढून टाकला होता, आणि शेवटी रेडिएटरच्या पुढे विजेचा जादा पंखा लावला होता. प्रत्येक कामानंतर गाडी आठ-पंधरा दिवस बरी चालायची. गावात फिरायला काही वाटायचं नाही. लांबचा पल्ला आणि चढ आला की पुन्हा तेच.

थर्मोस्टॅट काढण्याबद्दल दोन शब्द इथेच बोलतो, कारण आपल्याकडे तो सरसकट काढतात. "आपल्या उन्हात त्याची काय गरज?" असं म्हणतात. थर्मोस्टॅट म्हणजे काही थंड देशाचा चोचला नाही. ती पाण्याची वाट उघडबंद करणारी झडप, इंजिन लवकर कामाच्या तापमानाला यावं आणि तिथेच राहावं म्हणून असते. तो नसला की सकाळी इंजिन बराच वेळ गार चालतं, सिलिंडरच्या भिंतीवरून कच्चं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि पिस्टनच्या रिंगा झिजतात. तापणं त्याने थांबत नाही, फार तर तापायला दहा मिनिटं उशीर होतो. मग मालकाला वाटतं गुण आला.

न खोलता जे कळलं

गाडी संध्याकाळी आली. चाचा म्हणाले, "आज हात लावू नको बेटा. रात्रभर गार होऊ दे." ॲल्युमिनियमचं हेड गरम असताना सैल केलं की वाकतं, आणि आधीच वाकलेलं असेल तर जास्त वाकतं. म्हणून सकाळी सुरुवात केली.

आधी रेडिएटरचा खालचा कॉक, म्हणजे पाणी सोडायची तोटी, उघडली. बिनदुधाच्या चहासारखं पाणी आलं, तळाला लाल गाळ. मग चाचांनी विचारलं, "ब्लॉकचा कॉक कोण कधी उघडला होता?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मी बिलांकडे. कुठेच नोंद नाही. पाणी काढायच्या दोन जागा असतात. एक रेडिएटरच्या खाली, दुसरी ब्लॉकच्या, म्हणजे ज्यात सिलिंडर असतात त्या बिडाच्या अंगाच्या, बाजूला खाली. रेडिएटरचा कॉक सगळे उघडतात, कारण तो हाताला येतो. ब्लॉकचा कॉक काळवंडलेला, ग्रीस आणि धुळीने माखलेला असतो, दिसतही नाही. पाना लावून तो फिरवला. थेंब आला नाही. कॉक पूर्ण काढून घेतला, तरी भोक कोरडं. दोन मिलीमीटरची तार आत घातली, ती बोटभर गेली आणि ओल्या मातीत रुतावी तशी थांबली. बाहेर काढली तेव्हा टोकाला लाल-तपकिरी चिखल होता, मऊ, चिकट, आणि त्यात पांढरे कण.

मला विचाराल तर निदान तिथेच अर्धं झालं होतं. पण अर्ध्या निदानावर पाना चालवायचा नसतो.

पाणी पुन्हा भरलं. चारही स्पार्क प्लग काढले. पहिला आणि दुसरा बिस्किटाच्या रंगाचे, निरोगी. तिसरा पांढरट पडलेला. चौथा धुतल्यासारखा स्वच्छ. प्लग एवढा स्वच्छ दिसला तर खूश होऊ नये, आत पाणी जाऊन वाफेने तो धुतला गेलेला असतो. मग सिलिंडरातला दाब मोजायचं कॉम्प्रेशन गेज लावलं. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, बॅटरी चार्ज करून घेऊन, प्रत्येक सिलिंडरला सारखेच फेरे. आकडे आले ते दर चौरस इंचाला पौंडांत असे: १२८, १२५, ७०, ६५. तिसऱ्या-चौथ्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून परत मोजलं, ७२ आणि ६८. रिंगा गेल्या असत्या तर ऑइलने फट भरून आकडा चांगला वर उडाला असता. तो हलला नाही. दोन शेजारचे सिलिंडर एकदम पडलेले आणि रिंगा शाबूत, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्या फटीत बसणारं गॅस्केट त्या दोघांच्या मधे जळालेलं.

त्यावरून चढावरच्या खडखडीचाही उलगडा झाला. या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२ आहे. तिसरा पेटतो त्या क्षणी चौथा ताजं मिश्रण भरून घेऊन नुकताच दाबायला निघालेला असतो. मधलं गॅस्केट फुटलं की तिसऱ्यातला जळता वायू चौथ्याच्या ताज्या मिश्रणात घुसतो. ते वेळेआधी तापतं, वेळेआधी पेटतं, आणि पिस्टन वर येत असतानाच त्याच्या डोक्यावर हातोडा बसतो. तो आवाज आप्पा वर्षभर ऐकत होते. कुणीतरी तो पेट्रोलच्या माथी मारला होता.

फॅनचा पट्टा काढला, म्हणजे पंप फिरणार नाही, आणि रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून इंजिन अर्धा मिनिट चालू केलं. पाण्यात बारीक बुडबुडे ओळीने वर आले, म्हणजे जळता वायू पाण्यातही शिरत होता. पट्टा परत लावून गाडी दहा मिनिटं तापवली आणि तापमान मोजायची बंदूक फिरवली. रेडिएटरच्या वरच्या पाइपला ९० अंश, खालच्या पाइपला ७०. म्हणजे रेडिएटर आपलं काम चोख करत होता. ब्लॉकवर पुढे, पहिल्या सिलिंडरपाशी ८६. मागे, चौथ्यापाशी ११२. एकाच ब्लॉकवर हातभर अंतरात एवढा फरक.

"गॅस्केट गेलंय ते कळलं," मी म्हणालो. "का गेलं?"

चाचांनी तारेच्या टोकाचा चिखल बोटांत चोळून मला दाखवला.

इंजिन बदलायचं की उघडायचं

आप्पांच्या मुलाचं म्हणणं साधं होतं. प्रीमियर पद्मिनीचं एखादं चालू इंजिन भंगारातून आणून टाकावं, खर्च कमी, डोक्याला ताप नाही. ते बसतंही, कारण पद्मिनी हीच गाडी पुढे चालू राहिलेली, त्याच १०८९ सीसीच्या इंजिनाची. माझा विरोध दोन कारणांनी होता. एक तर भंगारातल्या इंजिनाच्या ब्लॉकमध्ये काय साचलंय ते कुणाला माहीत? तेही त्याच बोअरवेलचं पाणी प्यायलेलं. दुसरं असं की या गाडीचा इंजिन नंबर तिच्या कागदांवरचाच आहे, पहिल्यापासून. २०२१ च्या जुलैपासून पन्नास वर्षांवरच्या मूळ स्वरूपातल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेचा वेगळा नंबर मिळतो, आणि त्यात इंजिन, चॅसी, बॉडी यांत मोठा बदल चालत नाही. आप्पांनी तो नंबर अजून घेतलेला नाही, कारण त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. मंगळवारी देवीला जायचं तर तो नंबर आप्पांच्या कामाचा नाही. पण उद्या नातवाला घ्यावासा वाटला तर मूळ ब्लॉक हवा. एकदा भंगारात गेला की गेला.

आप्पांनी मुलाकडे न बघता सांगितलं, "उघड."

हेड उतरवताना

नट बाहेरून आत, प्रत्येक वेळी पाव फेरा, अशा क्रमाने सैल केले. सगळे निघाले तरी हेड जागचं हललं नाही. इथे पोरं स्क्रू ड्रायव्हर फटीत घालून ठोकतात आणि ॲल्युमिनियमवर कायमचा ओरखडा पाडतात. चाचांनी नट दोन-तीन आटे परत चढवून ठेवायला सांगितलं, प्लग बसवले, आणि पुढून हँडल घालून इंजिन फिरवलं. पहिल्या-दुसऱ्या सिलिंडरच्या दाबानेच हेड "फट्" करून सुटलं. नट वर असल्यामुळे उडायचा प्रश्न नव्हता. मी हे फक्त ऐकून होतो, त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

गॅस्केट हातात घेतलं. तिसऱ्या-चौथ्याच्या मधली पट्टी काळी, करंगळीच्या नखाएवढा भाग नाहीसा. या इंजिनाला क्रँकची तीन मेन बेअरिंगं आहेत, मधलं बेअरिंग दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये. त्यामुळे तिथे सिलिंडरांमध्ये जागा आहे, पण पहिला-दुसरा आणि तिसरा-चौथा एकमेकांना चिकटून बसलेले. चिकटलेल्या जोडीमधली पट्टी अरुंद, आणि मागची जोडी पंपापासून सर्वांत दूर. पाणी सर्वांत कमी तिथे पोचतं, गाळ सर्वांत आधी तिथे बसतो. गॅस्केट तिथेच जळायचं होतं.

ब्लॉकच्या बाजूचे वेल्च प्लग, म्हणजे पाण्याच्या जागेची पत्र्याची बुचं, काढले. मागचा प्लग छिन्नीच्या पहिल्याच ठोक्याला फाटला, आतून खाऊन कागदासारखा झाला होता. आणि आत पाण्याची जागाच नव्हती. भोकाच्या तोंडापर्यंत गच्च भरलेला लाल चिखल. सायकलचा स्पोक वाकवून मी तो ओढायला लागलो. आधी मऊ गाळ आला, मग खपल्या. नखाएवढ्या, काही बोटाच्या पेराएवढ्या, एका बाजूने सिलिंडरच्या भिंतीचा गोलावा घेतलेल्या, करड्या-पांढऱ्या, काठावर वाळूच्या दगडासारखे थर. एक खपली मी उन्हात धरून थर मोजायचा प्रयत्न केला. मोजता येईनात इतके बारीक होते. त्यातच लालसर सीलिंग कंपाउंडचा एक तुकडा निघाला. कधीतरी कुणीतरी गळती बंद करायला रेडिएटरमध्ये औषध ओतलं असणार. सगळं मिळून वाळवून तोललं ते पाव किलोला थोडं कमी भरलं.

खपलीवर लिंबू पिळलं. फसफसून फेस आला. गाळावर पिळलं, काही झालं नाही. म्हणजे खपल्या चुन्याच्या आणि चिखल गंजाचा.

सोलापूरचं पाणी

हा सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून इथे थांबतो.

आपल्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही. ते प्यायला आणि स्वयंपाकाला. बाकी सगळ्याला बोअरवेलचं, आणि गाडीच्या रेडिएटरला तर नक्कीच बोअरचं. काळ्या पाषाणातून झिरपून आलेलं ते पाणी जड असतं, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी तापलं की विरघळलेला भाग न विरघळणाऱ्या चुन्यात बदलतो आणि सर्वांत गरम भिंतीला चिकटतो. ज्यांच्या घरी बंब होता त्यांनी हे पाहिलंय. बंबाच्या आतल्या नळीवर जो पांढरा कवचासारखा थर जमायचा, तोच हा.

बंब निदान वर्षातून एकदा कुणीतरी खरवडायचं. इंजिनाचं काय होतं? रेडिएटरमधून वाफ जाते ती निव्वळ पाण्याची, क्षार मागेच राहतात. आपण वरून परत बोअरचं पाणी भरतो, नवे क्षार घालतो. गाडी जितकी तापते तितकं पाणी उडतं, जितकं उडतं तितकं भरतो, जितकं भरतो तितका थर वाढतो, आणि थर वाढला की गाडी आणखी तापते. आप्पांच्या गाडीत प्रवासाला निघताना पाच लिटरचा कॅन बरोबर असायचाच. काळजीने ठेवलेला. तोच कॅन गाडीला आतून गाडत होता, हे त्यांना सांगताना मला जड गेलं.

चुन्याचा थर बिडाच्या मानाने वीसपटीहून कमी उष्णता पुढे जाऊ देतो. सिलिंडरच्या बाहेर एक मिलीमीटर थर बसला म्हणजे ती भिंत दोन सेंटीमीटरने जाड झाल्यासारखं आहे. आमच्या खपल्या काही जागी त्याहून जाड होत्या. पुढे शंभर पंखे लावा, उष्णता पाण्यापर्यंत पोचलीच नाही तर रेडिएटर काय थंड करणार? आणि मीटरही पाण्याचंच तापमान सांगतं. चौथ्या सिलिंडरची भिंत भाजत होती तेव्हा काटा बऱ्याचदा मधोमध असायचा. पाणी उकळलं तेव्हाच तो लाल पट्ट्यात गेला, तोवर गॅस्केटचं काम संपलं होतं.

गंजाचंही कारण पाण्यातच. बिडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचं हेड, तांब्या-पितळेचा रेडिएटर, आणि या सगळ्यांना जोडणारं खारं पाणी. तीन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात बुडवले की बारीकसा विजेचा सेलच तयार होतो, आणि त्यात आधी ॲल्युमिनियम खाल्लं जातं. हेडच्या मागच्या पाण्याच्या भोकाचा काठ कुरतडल्यासारखा झाला होता. ते आर्गन वेल्डिंगने भरून घ्यावं लागलं.

सफाई, हेड आणि एक वाद

स्पोक, तार आणि पाण्याचा जोर यांनी जेवढं निघालं तेवढं काढलं. उरलेला थर सायट्रिक ॲसिडने. बाजारात लिंबूफूल म्हणून मिळतं तेच, कोमट पाण्यात लिटरला साधारण पन्नास ग्रॅम. सिलिंडरांत ग्रीस लावून सुती कापडाचे बोळे घट्ट बसवले, वेल्च प्लगच्या जागी रबरी बुचं ठोकली आणि ब्लॉकच्या माथ्याच्या बोटभर खालपर्यंत द्रावण भरलं. फेस थांबला की काढायचं, नवं भरायचं. तीन वेळा केलं. शेवटी धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने खळाळून धुतलं, म्हणजे आम्ल मागे राहणार नाही.

हेडला मात्र यातलं काही दाखवलं नाही. ते ब्रशने आणि पाण्यानेच. पुष्कळ ठिकाणी सुटे भाग कॉस्टिकच्या उकळत्या टाकीत टाकायची पद्धत आहे. बिडाला ते चालतं. ॲल्युमिनियम कॉस्टिकमध्ये विरघळतं. माझ्याकडे असं एक हेड आलं होतं, बाहेरून चकचकीत आणि व्हॉल्व्हच्या सीट (व्हॉल्व्ह ज्या कड्यांवर बसतात त्या) सैल झालेल्या. त्याचं काही करता आलं नाही.

हेडवर स्ट्रेट एज, म्हणजे सरळ धारेची पट्टी, ठेवून फट मोजायचं फिलर गेज घातलं. मागच्या टोकाला ०.२० मिलीमीटरची पट्टी सहज सरकली. मी ०.०५ च्या वर सोडत नाही. शिवाय चारही कोपऱ्यांत जाडी मोजली तर पुढच्या-मागच्यात फरक निघाला, म्हणजे पूर्वी कधीतरी प्लेनिंग तिरकं झालं होतं. तेव्हा मशिनवर हेड लावताना वरच्या तोंडाचा भरवसा न धरता व्हॉल्व्ह गाइडांच्या रेषेवरून सरळ केलं आणि कमीत कमी, ०.२५ मिलीमीटर काढलं. ६८ मिलीमीटर व्यासाच्या सिलिंडरला एवढ्याने जळणाच्या जागेतून जेमतेम ०.९ घन सेंटीमीटर जातं. कॉम्प्रेशन थोडंसं वाढतं, चालण्यासारखं. पण प्रत्येक वेळी "साफ दिसेपर्यंत" घासत गेलं तर चार प्लेनिंगांत हेड संपतं, आणि हे हेड आता कुठे नवं मिळणार?

तिसऱ्या-चौथ्याचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह काठाला भाजले होते, ते बदलले. बाकीचे पेस्ट लावून घासले, आणि पोर्टमध्ये पेट्रोल ओतून अर्धा तास ठेवलं. कुठे पाझरलं नाही. व्हॉल्व्ह सीटची झीज तशी बरी होती. देशात १ फेब्रुवारी २००० पासून शिसं नसलेलं पेट्रोल आलं, आणि ज्या जुन्या इंजिनांच्या सीट शिशाच्या भरवशावर होत्या त्यांच्या सीट खाली बसायला लागल्या. सीट खाली बसली की टॅपेटची (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाची) गॅप आपोआप कमी होते, व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि जळतो. म्हणून जुन्या गाडीत टॅपेट आवाज करत नाहीत म्हणून समाधान मानू नये. गप्प झालेला टॅपेट जास्त घातक.

वाद झाला तो बोअरिंगवर. चाचांचं म्हणणं, "उघडलंच आहे तर पिस्टन-रिंगा नव्या टाक, पूर्ण इंजिन बांध. परत दहा वर्षं बघायला नको." माझं काम बोअरिंगचं, मिळकत माझीच होती. तरी मी नाही म्हणालो. पिस्टन खाली घेऊन सिलिंडरांचे बोअर (आतले व्यास) मोजले, वरच्या आणि खालच्या मापात फरक होता पण अजून सोसण्यासारखा. ऑइल सोडून केलेल्या चाचणीत रिंगा शाबूत निघाल्या होत्या. वरच्या काठाला नखाला लागेल एवढी कडा तयार झाली होती. फक्त रिंगा बदलल्या असत्या तर नवी वरची रिंग त्या कडेवर आपटून तुटली असती, म्हणजे बोअरिंगच आलं. आणि एकदा बोअर मोठा केला की ते लोखंड परत येत नाही. वर्षाला हजार-दीड हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीला ते आज खर्च करायची गरज नव्हती. चाचा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "ठीक आहे. पण ऑइल किती पितीये ते लिहून ठेव." ते बरोबर होतं, आता आप्पा डायरीत लिहितात.

बांधणी

नवं गॅस्केट बसवण्याआधी जुन्यावर ठेवून एकेक भोक जुळवलं. हेड बसलं, नट मधून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने, वर्कशॉप मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत. हाताच्या अंदाजावर चाचांचा माझ्याहून जास्त भरवसा आहे आणि त्यांच्या हाताला तो शोभतो, पण त्यांनीच पाना मागितला. ऐंशी अंश तापल्यावर दर दहा सेंटीमीटर लांबीला ॲल्युमिनियम बिडापेक्षा जवळपास ०.१ मिलीमीटर जास्त वाढतं. म्हणजे प्रत्येक फेरीला हेड गॅस्केटवर सरकतं आणि परत येतं. म्हणून पहिल्यांदा पूर्ण तापवून, रात्रभर गार करून, सकाळी नट पुन्हा तपासले. दोन नट पाव फेरा गेले. ही सकाळची फेरी चुकवली तर एवढं सगळं करून गॅस्केट परत त्याच जागी जाऊ शकतं. टॅपेट त्यानंतर लावले, कारण हेड दबलं की गॅप बदलते.

थर्मोस्टॅट परत बसवला. विजेचा पंखा काढला. पाण्याऐवजी डिस्टिल्ड वॉटर आणि त्यात तिसरा हिस्सा कूलंट. सोलापुरात पाणी गोठत नाही हे खरं, पण कूलंटमध्ये गंज रोखणारं जे रसायन असतं त्यासाठी तो घ्यायचा. अर्धा-अर्धा करायची गरज नाही, कूलंटचं प्रमाण वाढलं की उष्णता वाहून नेण्याची ताकद उलट कमी होते. ऑइल खनिज, २०-५०. पॉइंट नवे घातले, टायमिंग लाइटवर टायमिंग लावलं.

मोजमाप परत घेतलं: १३०, १२८, १२६, १२४. बंदुकीने ब्लॉकवर पुढे ८५, मागे ९१.

तुळजापूर

ज्येष्ठात पाऊस लांबला होता, ऊन चाळिशीच्या वर. आप्पा, चाचा आणि मी पहाटे न जाता मुद्दाम दुपारी निघालो. तामलवाडी गेली, घाट चढला, काटा मधल्या रेघेवरून बोटभर सरकला आणि तिथेच राहिला. खडखड नाही. आप्पा चढावर काही बोलत नव्हते, दोन्ही हात स्टिअरिंगवर, वर पोचल्यावर त्यांनी रुमालाने डोळे पुसले.

दर्शन घेऊन आलो तर गाडी चालू होईना. स्टार्टर फिरतोय, इंजिन पेटत नाही. तापमान ठीक. चाचांनी बॉनेट उघडून फ्युएल पंपावर हात ठेवला आणि लगेच काढला. उभ्या गाडीत पंख्याची हवा बंद होते, इंजिनाची धग पंपावर येते, आत पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफ ढकलू शकत नाही. मी पाण्याच्या बाटलीने रुमाल भिजवून पंपावर ठेवला. सोलापुरात फियाट आणि अँबॅसिडर चालवलेल्या प्रत्येकाला हा ओला रुमाल माहीत आहे. दहा मिनिटांत गाडी चालू झाली.

पण ओला रुमाल हा काही इलाज नव्हे, म्हणून परत आल्यावर पेट्रोलची लाइन पाहिली. कुणीतरी मूळ धातूची नळी काढून लांब रबरी पाइप घातला होता, तो इंजिनाचा तापलेला धूर नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून चार बोटांवरून जात होता. आतून रबर सुजून मऊ झालं होतं. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, जुन्या रबराला ते सोसत नाही. पाइप आणि पंपाचा डायफ्राम इथेनॉल चालणाऱ्या रबराचे घातले, लाइन मूळ मार्गाने लांबून नेली, मध्ये पत्र्याचा आडोसा लावला. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, हा भाग अजून राहिलाय. कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं मुख्य भोक) एक माप मोठा करून बघायचं ठरलंय, पण आधी प्लगचे रंग दोन महिने पाहू.

गाडीत आता पाच लिटरचा तो कॅन आहेच. आप्पांनी त्यावर रंगाने लिहून घेतलंय, "फक्त डिस्टिल्ड". दिवाळीनंतर गाडी ऑइल बदलायला आली तेव्हा मी आधी ब्लॉकचा कॉक उघडला. हिरवं, स्वच्छ पाणी जोरात बादलीत पडलं. चौथ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन १२३ होतं. तो आकडा पुढच्या चैत्रात परत घ्यायचा आहे.